स्कॅनर मुका झालाय? आधी गच्चीवर जाऊन या

लॅपटॉपला डोंगल, म्हणजे यूएसबीचा छोटा रेडिओ रिसीव्हर, जोडला की त्याचा स्कॅनर होतो आणि रेडिओवरची बोलणी ऐकता येतात. पावसाळा आला की ओळखीतला कुणी ना कुणी विचारतोच, "काका, डोंगल खराब निघालं. दुसरं कुठलं घेऊ?" दुसरं घेऊ नका. दहातल्या नऊ वेळा डोंगल ठणठणीत असतं. गोची असते ती गच्चीवरच्या अँटेनाच्या दांड्यात, केबलमध्ये नाहीतर त्या दोघांच्या सांध्यात. पण गच्चीवर चढायचा कंटाळा, आणि मोबाइलवर नवं यंत्र मागवायला मात्र अर्धं मिनिट पुरतं.

एक आधीच सांगतो. पोलिसांचं बोलणं ऐकायची हौस असेल तर माझ्याकडे येऊ नका. हॅम मंडळींचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांचा, 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा आणि 145.800 वर अधूनमधून बोलणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, एवढ्यावर माझी कैक वर्षं मजेत गेली आहेत.

आता माझी स्वतःची फजिती. जून-जुलै 2025 मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा सोसायटीतली पोरं रोज दारात: "आज आवाज येणार का?" मी मे महिन्यात नवा डायपोल (दोन दांड्यांचा साधा अँटेना) चढवला होता आणि कनेक्टरवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून मोकळा झालो होतो. पाऊस लागला तसा सिग्नल रोज थोडा थोडा खाली यायला लागला. मी काय केलं? सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची पट्टी, शेवटपर्यंत चढवला. चक्क डोंगलही बदललं. एका संध्याकाळी पोरं चटईवर कान टवकारून बसलेली आणि लॅपटॉपमधून नुसती खरखर. स्थानक दहा मिनिटांत डोक्यावरून गेलं, पाठोपाठ पोरंही गेली. आवाज त्या वेळी असता की नसता, देव जाणे. पण एरवी स्पष्ट येणारा रिपीटरही (हॅमचं बोलणं पकडून पुन्हा जोरात सोडणारं केंद्र) त्या दिवशी गायब होता.

दुसऱ्या दिवशी डोंगल काढताना बोटाला ओल लागली. गच्चीवर शिरलेलं पाणी केबलच्या आतल्या जाळीतून, वातीतून तेल सरकावं तसं, दोन मजले उतरून माझ्या टेबलापर्यंत आलं होतं. केबल सोलली तर तांब्याची जाळी काळी-हिरवी पडलेली. वीस मीटर केबल भंगारात गेली.

साधी इन्सुलेशन टेप उन्हात डिंक सोडते आणि पावसात तिच्या कडा सुटतात. तेव्हापासून मी स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप वापरतो. ती ताणून, खालून वर गुंडाळायची, म्हणजे कौलांसारखे थर एकावर एक बसतात आणि पाणी वरून निथळून जातं. त्यावर उन्हापासून आडोसा म्हणून काळी टेप. खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, पाणी तिथेच टपकतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कनेक्टरवर मुळीच थापू नका, ते तांबं खातं. आणि हे सगळं मृग लागायच्या आत. छत्री धरून कनेक्टर बांधणारे मी पाहिले आहेत. त्यांना काही सांगण्यात अर्थ नसतो.

केबलचं दुसरं खूळ म्हणजे '50 ओहमचीच पाहिजे' (ओहम म्हणजे इथे केबलची प्रतिबाधा). कुठेतरी वाचायचं आणि महागडी, बारीक आरजी-58 जातीची केबल आणायची. 145 मेगाहर्ट्झवर वीस मीटर आरजी-58 मध्ये सुमारे 4 डेसिबल जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच संपतो. विमानं जिथे आपला ठावठिकाणा सांगतात त्या 1090 मेगाहर्ट्झवर तर दहावा हिस्साही उरत नाही. त्यापेक्षा केबलवाल्याकडची आरजी-6 घ्या. ती 75 ओहमची असली तरी नुसतं ऐकायला त्या फरकाने काही बिघडत नाही, आणि घट बरीच कमी होते. वाचलेल्या पैशांत ती रबराची टेप येते.

मोठा, जास्त गेनचा (ठरावीक दिशेने जास्त ऐकणारा) अँटेना घेतला की जास्त ऐकू येतं, हाही भ्रमच. उंच कोलिनियर (एकावर एक दांडे जोडलेला अँटेना) सगळी ताकद क्षितिजाकडे पसरतो. दूरच्या रिपीटरसाठी झकास, पण डोक्यावरून जाणाऱ्या स्थानकाला जवळपास बहिरा. शहरात त्यावर अ‍ॅम्प्लिफायर चढवलात तर 88 ते 108 मधली एफएम स्टेशनं डोंगलमध्ये अशी घुसतात की हॅमच्या पट्ट्यावर जाहिराती ऐकू येतात. आधी सॉफ्टवेअरमधला गेन उतरवा. तरी गाणी येतच राहिली तर एफएम अडवणारा फिल्टर लावा.

नवशिक्याने पाव तरंगलांबीच्या दांड्यापासून सुरुवात करावी: 75 ला मेगाहर्ट्झने भागा, लांबी मीटरमध्ये मिळते. 145 साठी साधारण 52 सेंटिमीटर येते, त्यातून चार-पाच टक्के कापा. डोंगलसोबत येणारा चुंबकाचा छोटा दांडा प्लास्टिकच्या टेबलावर ठेवून "काही येत नाही" म्हणणाऱ्यांनी तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर ठेवून बघावा. त्याला खाली धातू लागतो.

दांडा उभाच हवा. हॅम रिपीटर उभ्या ध्रुवणावर चालतात, म्हणजे त्यांच्या लहरी उभ्या डोलतात. जुना टीव्हीचा आडवा अँटेना तसाच जोडलात तर सिग्नल सपाटून पडतो.

लिफ्टच्या मशीनरूमशेजारी अँटेना नको. लोखंडी पाइपला चिकटून नको. विजेच्या तारांजवळ तर अजिबात नको, दांडा आडवा पडला तरी तारेला लागणार नाही इतकं अंतर ठेवा.

मास्टला, म्हणजे अँटेना धरणाऱ्या खांबाला, अर्थिंग द्याच. तरीही वळवाचं आभाळ दिसलं की मी केबल डोंगलमधून काढून खिडकीबाहेर टाकतो. बायको हसते. हसू दे.

आणि संक्रांतीनंतर एकदा वर जाऊन मांजा सोडवून या. यंदा माझ्या दांड्यावर दोन पतंग निघाले. त्यातला एक चांगला होता, तो खालच्या पोराला दिला.