बँड सॉचं पातं सारखं घसरतंय? आधी टायर बघा, आणि खराब असतील तर असे बदला

बँड सॉ म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणारं पातं असलेली करवत. तिचं पातं चाकावर मागेपुढे सरकतंय, चालू केल्यावर ठराविक अंतराने धप धप आवाज येतोय, टेबल थरथरतंय, रेघेवर लाकूड ढकललं तरी कट वाकडाच जातोय. असं झालं की बहुतेक जण आधी नवीन पातं आणतात, मग गाईड (पात्याला बाजूंनी आणि मागून आधार देणारे भाग) पिळत बसतात, मग मशीनलाच नावं ठेवतात आणि चाकावरच्या टायरकडे कोणी बघतच नाही. मला हे फार वाईट वाटतं कारण चांगल्या मशीन्स यामुळे कोपऱ्यात पडून राहतात.

टायर म्हणजे वरच्या आणि खालच्या चाकाच्या कडेवर चढवलेली रबराची किंवा पॉलियुरेथेनची रिंग. पातं धातूवर घसरू नये म्हणून ती पकड देते, आणि पात्याचे दाते आळीपाळीने डावी उजवीकडे वाकवलेले असतात ते चाकाच्या धातूवर घासून बसू नयेत म्हणून मध्ये गादीचं काम करते. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बऱ्याच लहान मशीन्सवर टायरचा मधला भाग कडांपेक्षा किंचित उंच असतो, याला क्राउन म्हणतात, आणि फिरणारं पातं आपोआप या उंच भागाकडे ओढलं जातं. टायर झिजून तिथे चर पडला की पात्याला मध्यभाग सापडतच नाही, मग तुम्ही ट्रॅकिंगचा (पातं चाकाच्या मध्यावर आणायचा) नॉब कितीही फिरवा.

वखारीत ओंडके चिरणारे जे मोठे बँड सॉ असतात, रुंद पात्याचे, त्यांना टायर नसतात, तिथे पातं थेट बिडाच्या चाकावर फिरतं. त्यामुळे हे सगळं सुतारकामाच्या वर्कशॉपमधल्या आणि घरच्या मशीनसाठी आहे.

खरंच बदलायला झालेत का?

प्लग काढा, टेन्शन (पात्याचा ताण) सोडा, दोन्ही दारं उघडा. चाक हाताने हळू फिरवत पूर्ण गोल बघा. भेगा, तुटलेले तुकडे, मधोमध पडलेला चर, कुठे सैल होऊन उचललेला भाग. नख रुतवून बघा, चांगलं रबर दबतं आणि परत वर येतं, कडक झालेलं रबर नखाला दाद देत नाही. भुशात काळी पावडर दिसत असेल तर रबर झिजतंय.

पण एक गोष्ट आधी करा. पॅलेटचं पाइनवूड कापत असाल तर त्याची राळ आणि भुसा मिळून टायरवर कडक थर बसतो, वरून तो खराब टायरसारखाच दिसतो. लाकडाच्या बोथट पट्टीने तो खरवडून बघा, कधी कधी खाली टायर ठणठणीत निघतो आणि खर्च वाचतो.

काय आणायचं

तीन मापं घ्या: टायर सोडून चाकाचा व्यास, रिमची (चाकाच्या कडेची) रुंदी आणि टायरची जाडी. बऱ्याच 14 इंची मशीनला 1 इंच रुंद टायर लागतो. नवीन रिंग चाकापेक्षा लहान दिसेल, ती मुद्दाम लहान बनवतात म्हणजे ताणून घट्ट बसते, त्यामुळे माप चुकलं म्हणून परत पाठवू नका. टायर दोन्ही चाकांचे एकदमच बदला, एक नवा एक जुना ठेवला तर दोन्हींची जाडी आणि पकड वेगळी राहते.

माझं मत विचाराल तर लहान आणि मध्यम मशीनला पॉलियुरेथेनचेच घ्या. ते ताणून बसतात, सहसा गोंद लागत नाही आणि पुढच्या वेळी काढताना खरवडायचा त्रास नाही. रबराचे टायरही चांगले चालतात पण ते चिकटवावे लागतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मशीनरीच्या दुकानांत विचारता येईल, नाहीतर ऑनलाईन मिळतात. सपाट रबर शीटची पट्टी कापून जोड देऊन चिकटवायची किंवा सायकलची ट्यूब चढवायची हे प्रकार टाळा, दर फेऱ्याला तो जोड पात्याखालून जातो आणि मशीन तिथेच उडी मारते.

पातं आणि चाकं काढणं

हातमोजे आणि गॉगल घाला. वरच्या आणि खालच्या गाईड मागे घ्या, टेबलाच्या फटीतली पिन काढा आणि पातं बाहेर घ्या. गुंडाळलेलं पातं झटक्यात उघडतं, चेहरा लांब ठेवा.

चाक काढायच्या आधी एक लांब सरळपट्टी दोन्ही चाकांच्या कडांना लावून ती एका पातळीत आहेत का बघून ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा. वरचं चाक नट किंवा सर्क्लिपवर (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असतं. खालच्या चाकाच्या नटाला काही मशीन्समध्ये उलटे आटे असतात, म्हणून नट सुटत नसेल तर पाना दामटू नका, मॅन्युअल बघा किंवा आट्यांची दिशा नीट निरखा. चाकामागे पातळ वायसर (चकत्या) निघतील, ते त्याच क्रमाने आणि त्याच चाकासोबत ठेवा. चाकं एका पातळीत त्यांच्यामुळेच असतात, एक जरी हरवला तरी पुढचं सगळं ट्रॅकिंग बिघडतं.

चाक हातात आलंच आहे तर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखर लागली तर त्याच्यावरचा नंबर वाचून नवीन आणा, परत हे उघडायला लागणार नाही.

रिम साफ करणं, अर्धं काम इथेच आहे

जुना टायर ब्लेडने आडवा कापून सोलून काढा. चिकटवलेला असेल तर गोंदाचे तुकडे राहतात, ते सगळे निघेपर्यंत पुढे जाऊ नका. बिडाच्या चाकाला पटाशीची बोथट कड किंवा वायर ब्रश चालतो, ॲल्युमिनियमच्या चाकाला मात्र प्लास्टिकची किंवा लाकडाचीच पट्टी वापरा, लोखंडाने चरे पडतात. उरलेला गोंद थिनरने भिजवून फडक्याने पुसा, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास आग, बिडी, ग्राइंडर काही चालू नको. कोकणात आणि पावसाळ्यात रिमवर गंज हमखास चढलेला असतो, तो बारीक पॉलिश पेपरने घालवा. शेवटी डोळे मिटून रिमवरून बोट फिरवा, जो बारीक उंचवटा बोटाला लागतो तोच नंतर पात्याला लागणार आहे.

टायर चढवणं

पॉलियुरेथेनचा टायर बादलीत कडक गरम पाण्यात दहाएक मिनिटं बुडवून ठेवा, म्हणजे तो मऊ होतो. गॅसवर उकळू नका. चाक टेबलावर आडवं ठेवा, टायरचा एक भाग रिमवर बसवून तिथे क्लँप लावा, शक्य असेल तर जवळ दुसराही लावा, आणि मग दोन्ही बाजूंनी ताणत पुढे सरका. शेवटचा भाग सगळ्यात अवघड जातो, तिथे दुसऱ्या माणसाचा हात लागतोच. स्क्रू ड्रायव्हरच्या धारेने उचकटू नका, टायर तिथूनच फाटतो, बोथट लाकडी पट्टी घ्या. थंड झाला आणि अडला तर परत गरम पाण्यात टाका, जोर लावण्यापेक्षा ते बरं.

चढला की काम संपलं असं समजू नका, कारण ताण एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी बसलेला असतो. एक गुळगुळीत गोल काठी किंवा बारीक लाटणं टायर आणि रिमच्या मध्ये घालून पूर्ण चाकाभोवती दोन तीन फेरे फिरवा, त्याने ताण सगळीकडे सारखा होतो.

रबराचा टायर असेल तर आधी कोरडाच चढवून असाच ताण सारखा करून घ्या, मग काठीने टायर उचलत उचलत खाली थोडा थोडा रबरासाठीचा गोंद लावत पुढे जा. गोंद पातळ लावा, गोळा राहिला तर तिथे फुगवटा येतो. एक पूर्ण दिवस वाळू द्या.

रिमचाच आकार मध्ये उंच असेल तर टायर तो आकार घेतो. रिम सपाट असून मशीनला क्राउन लागत असेल तर रबराचा गोंद वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून दोन्ही कडा हलक्या उतरवाव्या लागतात, चाक फिरवत, थोडं थोडं, सारखं तपासत. तुमच्या मशीनला मुळात सपाट टायर असतील तर हे करू नका.

परत जोडणी

वायसर त्यांच्या जागी, चाकं बसवा, सरळपट्टी परत लावा. वरचं चाक हाताने फिरवून बाजूने बघा, टायर वरखाली नाचत असेल तर कुठेतरी खाली कचरा राहिलाय किंवा ताण सारखा नाही, तो भाग उचलून नीट करा. मग पातं चढवा, दात्यांची टोकं टेबलाजवळ खाली बघतायत ना ते पाहा. गाईड अजून लांबच ठेवा. टेन्शन द्या, वरचं चाक हाताने फिरवत मागचा ट्रॅकिंग नॉब अगदी थोडा थोडा फिरवा, पातं मध्यावर आलं आणि बरेच फेरे तिथेच राहिलं की नॉब लॉक करा. दारं बंद करून, बाजूला उभं राहून, क्षणभर चालू करून बंद करा, पातं जागेवर राहिलं तरच पूर्ण वेग.

गाईड सगळ्यात शेवटी. बाजूच्या गाईड पात्यापासून कागदाच्या जाडीइतक्या लांब आणि दात्यांच्या खाचांच्या मागे, मागचं बेअरिंग रिकाम्या फिरण्यात पात्याला टेकायला नको. टेबल पात्याला काटकोनात आहे का ते गुण्याने तपासा. नवीन टायर थोडा दबून बसतो म्हणून पहिल्या काही तासांच्या कामानंतर टेन्शन आणि ट्रॅकिंग परत एकदा बघा. खालच्या चाकाला भुसा झाडणारा ब्रश असेल तर तो टायरला टेकतोय ना बघा, आणि मशीन काही दिवस वापरायचं नसेल तर टेन्शन सोडून ठेवा, नाहीतर पात्याच्या दाबाने टायरवर एका जागी खड्डा पडतो आणि धप धप परत सुरू होते.