मेसच्या खरकट्याचं खत करताय? या चुका टाळा

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी 5,000 चौरस मीटरहून मोठं आवार असलेल्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. खड्डे खणले गेले, यंत्रंही आली. तरी हॉस्टेलमागून नाक दाबून जावं लागत असेल, तर बहुतेक वेळा सुका पाला कमी पडतोय.

मेसच्या कचऱ्यात भात, आमटी, तेलकट रस्साच जास्त. त्यात नत्र आणि पाणी भरपूर. भाताचा लगदा बसतो, हवा कोंडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून खरकटं आधी जाळीच्या क्रेटमध्ये निथळू द्या. मग एका घमेल्याला दोन-तीन घमेली सुका पाला मिसळा. मिश्रण मुठीत घट्ट पिळून बघा. हात ओलसर झाला तर ठीक. पाणी ठिबकलं तर आणखी पाला घाला.

हा पाला येणार कुठून? माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते. झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतात, तेव्हा पाला जाळला जातो किंवा ट्रक भरून बाहेर जातो. पावसाळ्यात गरज पडते तेव्हा मूठभरही सापडत नाही. मेस आणि बाग सांभाळणाऱ्यांनी उन्हाळ्यातच एकत्र बसून गोण्या भरून शेडखाली ठेवायला हव्यात.

नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तरीही पालाच वाढवा. माशा झाल्या तर खरकटं उघडं राहतंय. रोज वर चार बोटं पाल्याचा थर द्या. जाड करड्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका. त्या बहुधा सैनिक माशीच्या असतात आणि कचराच खातात.

ढीग तापत नसेल तर बहुधा तो लहान आहे. लांबी, रुंदी, उंची किमान मीटरभर हवी. रोगजंतू मरायला 55 अंशांच्या वर तापमान निदान तीन दिवस टिकावं लागतं. लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसून दहा मिनिटांनी काढा, चटका बसला पाहिजे.

आणि ‘24 तासांत खत’ म्हणणाऱ्या यंत्राबद्दल. त्यातून निघतो तो वाळवलेला, बारीक केलेला कचरा. तो थेट कुंडीत घातला तर ओल लागताच पुन्हा कुजू लागतो, मुळं करपतात. पाल्यात मिसळून महिना-दीड महिना मुरू द्या. मग थोड्या मातीत कालवून त्यात मेथी पेरा. चार-पाच दिवसांत हिरवीगार उगवली तर खत बागेला द्या. उगवलीच नाही किंवा पिवळी पडली तर आणखी पंधरा दिवस थांबा.