कॉर्डलेस रोटरी हॅमर: जोर तुम्ही नका लावू, मशीनला लावू द्या

रोटरी हॅमर, म्हणजे ठोकत ठोकत काँक्रीटमध्ये भोक पाडणारं ड्रिल मशीन, हातात आला की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे मशीन भिंतीला टेकवून अख्ख्या अंगाचा भार त्यावर टाकणं. साध्या इम्पॅक्ट ड्रिलची सवय असते ना. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडत फिरतात, म्हणून जेवढं दाबाल तेवढाच ठोका बसतो आणि काँक्रीट लागलं की माणूस घामाघूम. रोटरी हॅमरचं आतलं काम वेगळंय. आत पिस्टन पुढेमागे होतो, त्याच्यापुढे हवा दाबली जाते आणि त्या हवेच्या जोरावर एक लोखंडी ठोकळा उडून बिटच्या बुडावर आपटतो, मिनिटाला काही हजार वेळा. हातोडा आतच आहे, त्यामुळे बिट भिंतीला टेकलेलं राहील आणि मशीन उड्या मारणार नाही एवढाच दाब पुरे. जास्त दाबलंत तर मोटर मंदावते, बॅटरी भसाभस संपते आणि भोक काही लवकर पडत नाही.

आता बिट. छोट्या कॉर्डलेस मशीनना एसडीएस प्लस बिट लागतं, त्याचा दांडा १० मिमीचा आणि त्यावर चार खाचा असतात. दोन खाचा टोकापर्यंत उघड्या, त्या फिरवायला, दोन बंद, त्यात चकमधल्या (बिट धरणाऱ्या मशीनच्या तोंडातल्या) गोळ्या बसून बिट अडकवून ठेवतात. आधी बॅटरी काढा, दांडा पुसा, त्याला बोटाने जरासं ग्रीस लावा, मग बिट थोडं फिरवत आत ढकला, अडकलं की ओढून बघा. ओढल्यावर बिट सेंटीमीटरभर मागेपुढे हलतं, ते तसंच हवं, हललं नाही तर ठोका बसणार कसा? मशीन खराब निघालं म्हणून दुकानात परत घेऊन जाऊ नका. गोल दांड्याचं बिट लावायला अडॅप्टरवाला साधा चक मिळतो पण तो लावला की हॅमर बंद म्हणजे बंदच, नाहीतर ठोक्यांनी त्याचे जबडे खिळखिळे होतात.

मोडच्या खटक्यावर चित्रं असतात. नुसतं बिट म्हणजे फक्त फिरणार, लाकूड आणि लोखंडासाठी. हातोडा आणि बिट दोन्ही म्हणजे फिरत ठोकणार, काँक्रीट आणि पक्क्या विटेसाठी. नुसता हातोडा म्हणजे छिन्नी. मोड काय किंवा उलटसुलट फिरवायचं बटण काय, मोटर पूर्ण थांबल्यावरच बदला. आणि हॅमरवर असताना बटण चुकून उलटं राहिलं नाहीये ना ते बघा, उलट्या फिरणाऱ्या बिटला भोक पाडता येत नाही, नुसतं धार घालवून बसतं.

भिंतीला हात लावण्याआधी आत काय आहे याचा विचार करा. स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायर असणार असंच धरून चालायचं, नळाच्या आसपास पाइप. डिटेक्टर असेल तर फिरवा, नसेल तर निदान त्या खोलीचा एमसीबी पाडा, बॅटरीचं मशीन आहे तेव्हा लाइट गेली तरी काम थांबत नाही, त्याचा फायदा घ्या की. मशीन बॅटरीवर चालतं म्हणून शॉक लागणार नाही असं समजू नका, बिट चालू वायरला लागलं तर मशीनच्या पुढच्या धातूच्या भागात करंट येऊ शकतो, म्हणून पकड कायम रबरी ग्रिपवरच. पोस्ट टेन्शन स्लॅब असेल तर स्कॅन केल्याशिवाय ड्रिल लावूच नका, आतल्या केबल प्रचंड ताणलेल्या असतात, एक जरी कापली गेली तरी प्रकरण जिवावर बेतू शकतं.

साइड हँडल, म्हणजे दुसऱ्या हाताने धरायची बाजूची मूठ. हे डब्यातच राहतं आणि अपघात इथेच होतो. बिट सळईत किंवा खड्यात अडकलं की बिट थांबतं आणि मशीन तुमच्या हातात गर्रकन फिरतं, मनगट पिरगळायला तेवढा क्षण पुरतो. आत क्लच असतो, तो घसरतो, काही मशीनमध्ये सेन्सर मोटर बंद करतो, पण त्याच्या भरवशावर एका हाताने काम करायचं नाही. दोन्ही हात, पाय थोडे फाकवून, कोपर अंगाजवळ. शिडीवर तर हे डबल महत्त्वाचं, कारण तिथे झटका बसला तर मनगटावर भागत नाही, माणूसच खाली येतो, त्यामुळे उंचावर मोठं भोक असेल तर शिडीपेक्षा प्लॅटफॉर्म बरा.

गॉगल आणि कानाला मफ हवेतच. मास्क मात्र लोक टाळतात, आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती बारीक धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही, म्हणून एन९५ किंवा त्याहून भारी मास्क लावा, तोंडाला रुमाल बांधून ती धूळ अडत नाही. भोकातली धूळ तोंडाने फुंकू नका, सगळी डोळ्यात जाते, हातपंप नाहीतर व्हॅक्यूम वापरा. सैल बाह्या, लोंबकळणारी दोरी, मोकळे केस, सैल सुती हातमोजे, हे सगळं फिरणाऱ्या बिटपासून लांब.

प्रत्यक्ष भोक पाडताना फुलीवर टोक ठेवा, ट्रिगर हलका दाबून सावकाश सुरू करा, टोक चारपाच मिमी आत रुतलं की मग पूर्ण स्पीड. मशीन भिंतीला काटकोनात आहे ना ते एकदा बाजूने आणि एकदा वरून बघा. डेप्थ रॉड (भोक किती खोल जायचं ते ठरवणारी मशीनवरची दांडी) प्लगच्या, म्हणजे भोकात बसवून स्क्रू धरणाऱ्या नळीच्या, लांबीपेक्षा १० मिमी जास्त लावा, म्हणजे ५० मिमीचा प्लग असेल तर ६०, कारण कितीही साफ केलं तरी तळाशी थोडी धूळ उरतेच. दर दोनतीन सेंटीमीटरला बिट फिरतंच ठेवून थोडं बाहेर ओढा, धूळ निघाली नाही की बिट अडकतं आणि तापतं.

बाहेर पडणाऱ्या धुळीकडे लक्ष ठेवा, बरंच काही कळतं. आधी प्लास्टरची करडी येते, मग लाल झाली तर वीट, करडीच राहिली आणि बिट दमानं पुढे सरकतंय तर काँक्रीट. पांढरी भुसभुशीत आली आणि बिट लोण्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचा हलका सिमेंटचा ठोकळा), तिथे हॅमर लगेच बंद करा नाहीतर भोक मोठं होऊन प्लग लटपटतो. पोकळ विटेलाही तेच, ठोक्याने आतली भिंत फुटते. आणि आवाज एकदम टणटणीत झाला, बिट पुढे जाईना, धुळीत चकचकीत कण दिसायला लागले तर सळई लागलीये. तिच्याशी भांडायचं नाही, भोक सरकवा, कॉलम किंवा बीम असेल तर सळई कापायचा विचारसुद्धा नको.

टाइलवर हॅमर चालत नाही. टाइलच्या बिटने नुसतं फिरवत टाइल पार करा, भोक जरासं मोठं ठेवा म्हणजे नंतरचं बिट कडेला घासणार नाही, मग हॅमर लावा. आरपार भोक असेल तर शेवटच्या टप्प्यात दाब कमी करा, पलीकडून प्लास्टरचा पोपडा उडतो, आणि पलीकडे कोणी उभं नाही ना तेही बघा.

बिट अडकलंच तर उलटं फिरवून बघा. नाही निघालं तर बॅटरी काढा, मशीन बिटपासून सोडवा आणि बिट पान्यात धरून हळूहळू फिरवून काढा, मशीन धरून हिसके देत बसू नका. निघालेल्या बिटला लगेच हात लावू नका, चांगलंच भाजतं. ते पाण्यात बुडवून थंड करणंही चूक, टोकाचं कार्बाइड (बिटच्या टोकाला बसवलेला कडक धातूचा तुकडा) तडकतं.

बॅटरीचं थोडक्यात. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स एकच, दोन्हीत पाच सेल एकामागे एक, एकावर नॉमिनल, म्हणजे सरासरी, आकडा छापलाय आणि दुसऱ्यावर फुल चार्जचा. फरक अँपिअर अवरने, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याने, पडतो, २ ची बॅटरी मोठ्या बिटला दम तोडते, ४ किंवा ५ ची घ्या. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, निवू द्या. कडाक्याच्या थंडीत आतलं ग्रीस घट्ट होऊन ठोकेच बसत नाहीत, तेव्हा बिट टेकवून थोडा वेळ सावकाश चालवा, आपोआप सुरू होतं. हाताला मुंग्या यायला लागल्या की थांबा, कंपन सतत झेललं तर बोटांच्या नसांना कायमचा त्रास होतो.

आणि रोजच्या भिंतीलाच भोक पडायला वेळ लागायला लागला तर मशीनला शिव्या देण्याआधी बिटचं टोक बघा, कार्बाइडचे कोपरे गोल झाले असतील तर नवीन बिट आणा.