नवी मांजर घरात आणताना
नव्या मांजरीला थेट जुनीसमोर सोडू नका. आधी वेगळी खोली, दार बंद. खाणं, पाणी, शी-शूसाठी लिटरचा (वाळूचा) ट्रे तिचा तिला. मी आमच्या मनीच्या गालांवरून मोजा फिरवून नवीच्या अंथरुणात ठेवला, नवीचा मनीकडे. मांजरं आधी वासाने ओळख करून घेतात, म्हणून ही पायरी मी कधीच गाळत नाही.

मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. मनी पहिल्या दिवशी दाराकडे बघून फिस्कारली आणि निघून गेली. वाटी चार हात मागे सरकवली, तेव्हा कुठे खाल्लं. रोज वाटी थोडी पुढे. दोघी निवांत खायला लागल्या की दार बोटभर उघडा. फिस्कारली तर रागावू नका, ती फक्त ‘लांब राहा’ म्हणतेय. जुंपलीच तर हात घालू नका, मध्ये उशी धरा. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त हवा. आम्हाला पाच आठवडे लागले.