पावसाळ्यात ठाण्याहून निघण्याआधी फ्लाईट लेट होणार का, ते असं बघा

पावसात घोडबंदर रोडवरून एअरपोर्टला पोचायचं म्हणजे आधीच जीव मेटाकुटीला येतो, त्यात पोचल्यावर बोर्डावर लेट दिसलं आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर त्यांचे हाल बघवत नाहीत. मेसेज यायच्या बराच आधी अंदाज काढता येतो, कारण विमानातले, रनवेवरचे सेन्सर आणि रडार, सगळ्यांची माहिती आता नेटवर फुकटात दिसते.

आधी तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते बघा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईतूनही विमानं उडतायत, आणि ठाणे-बेलापूर रोडने खाली जायचं की जेव्हीएलआरने अंधेरीकडे, तिथूनच सगळं बदलतं.

मग तुमचं विमान शोधा, आणि यात अजिबात आळस करू नका. फ्लाईटरडार24 या विमानं दाखवणाऱ्या साईटवर फ्लाईट नंबर टाकला की निघायच्या काही तास आधी विमानाचा व्हीटी ने सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर बहुतेक वेळा दिसतो, त्यावर टॅप केलं की तेच विमान आज कुठे कुठे फिरलंय ते कळतं. विमान स्वतःची जागा 1090 मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतं आणि लोकांनी गच्चीवर लावलेले रिसीव्हर ते पकडून नेटवर टाकतात. तुमच्याकडे ऊन असेल पण विमान कोलकात्याला वादळात अडकलं असेल तर तुमची फ्लाईट बहुतेक लेटच. म्हणूनच मी पावसाळ्यात सकाळची पहिली फ्लाईट घ्या म्हणतो, तेच विमान दिवसभर फेऱ्या मारतं आणि उशीर साठत जातो.

आता हवामान. गुगलवर मेटार व्हीएबीबी टाका, मुंबई एअरपोर्टचा दर अर्ध्या तासाचा रिपोर्ट येतो. समजा 24018जी30केटी 1500 +टीएसआरए असं दिसलं, तर वारा 240 अंशांवरून, 18 नॉट, झोत 30 पर्यंत, दिसतंय 1500 मीटर आणि विजांसह जोरदार पाऊस. वेळ युटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, साडेपाच तास मिळवा. यात टीएस, म्हणजे विजांचं वादळ, आहे का तेवढं नक्की बघा, कारण नुसत्या पावसात विमानं उतरतात पण जवळ वीज पडायला लागली की खाली काम करणाऱ्या माणसांना आत घेतात, इंधन भरणं, सामान चढवणं सगळं थांबतं, आणि ते योग्यच आहे.

रडारसाठी हवामान खात्याच्या साईटवर कुलाबा किंवा वेरावली उघडा, एकच फोटो बघून उपयोग नाही, लागोपाठचे तीन-चार बघा म्हणजे ढग कुठे सरकतायत ते कळेल. जुलैमध्ये ते समुद्राकडून येतात, पण ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी बऱ्याचदा घाटावरून, कर्जत-बदलापूरकडून येतात, म्हणजे आपल्याकडे आधी आणि रनवेवर नंतर.

पण एक लक्षात ठेवा, लेट होणार हे तुम्हाला कळलं तरी एअरलाईनने नवी वेळ कळवेपर्यंत चेक-इन मूळ वेळेलाच बंद होतं, म्हणून घरी बसून राहू नका. आधी कळल्याचा फायदा एवढाच की गर्दी व्हायच्या आत फोन करून दुसरी फ्लाईट मागता येते, औषधं आणि डबा बॅगेत टाकता येतो. हवामानामुळे लेट झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण 6 तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर डीजीसीएच्या (सरकारी विमान वाहतूक नियामक) नियमाप्रमाणे दुसरी फ्लाईट किंवा पूर्ण रिफंड मागा.