गादीचे बूट सोडून अनवाणी धावायला कसं लागावं

रोज दहा किलोमीटर सहज धावणाऱ्या माणसाने अनवाणी धावायला सुरुवात करताना नवख्यापेक्षा जास्त जपायला हवं. त्याचा दम तयार असतो, पाय तयार नसतात. दम लागत नाही म्हणून तो थांबत नाही, आणि पंजातली हाडं पहिल्या दिवशी काहीच कुरकुर करत नाहीत.

मी हीच चूक केली. गाठीशी दोन-तीन अर्धमॅरेथॉन होत्या, म्हणून पहिल्याच सकाळी मैदानावर बूट काढले आणि चार किलोमीटर धावलो. धावताना फार छान वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या; कठडा घट्ट धरून, आडवं पाऊल टाकत जिना उतरावा लागला. पुढचे आठ दिवस धावणं बंद.

असं का होतं ते आधी समजून घ्या. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण 10 ते 12 मिलिमीटर उंच असते. याला धावणारे ‘ड्रॉप’ म्हणतात. पोटरी आणि टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) यांना त्या उंचीची सवय झालेली असते. बूट काढले की टाच खाली येते आणि शीर जास्त ताणली जाते. शिवाय उघडी टाच आपटली की दुखतं, म्हणून पाऊल आपोआप चवड्यावर किंवा मधल्या भागावर पडायला लागतं. हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक डॅनियल लीबरमन यांनी 2010 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं, की सवयीने अनवाणी धावणारे बहुतेक जण असेच धावतात आणि पाऊल टेकताना बसणारा दणका त्यामुळे बराच कमी होतो. पण भार नाहीसा होत नाही. गुडघ्यावरचा काही भार घोट्याकडे, पोटरीकडे आणि पंजाकडे सरकतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, शिरांना आणि हाडांना महिने लागतात. सगळं वेळापत्रक त्यांच्या हिशेबाने आखायचं.

आधी चाला. पहिले तीन आठवडे धावणं जुन्याच बुटांत चालू ठेवा आणि रोज पंधरा-वीस मिनिटं अनवाणी चाला. जोडीला एका पायावर उभं राहून टाच सावकाश वर-खाली करा. प्रत्येक पायावर सलग 20 वेळा, न डगमगता जमेपर्यंत धावायची घाई नको. दात घासताना एका पायावर उभं राहण्याची सवयही चांगली.

जागा नीट निवडा. मऊ गवत बरं असं वाटतं, पण गवतात काच आणि काटे लपतात. स्वच्छ, गुळगुळीत आणि कडक जमीन उत्तम, कारण पाऊल चुकलं की ती लगेच सांगते. समुद्रकिनारी ओहोटीच्या वेळची घट्ट ओली वाळू चालेल; कोरड्या भुसभुशीत वाळूत टाचेमागच्या शिरेवर फार ताण येतो. एप्रिल-मे महिन्यांत डांबर तापायच्या आत घरी परता. पावसाळ्यात तळव्याची कातडी भिजून मऊ पडते आणि पटकन कापते, तेव्हा पातळ तळाचे बूट घाला. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून बघा.

मग धावा, तेही पाच मिनिटं. एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, असं पाच वेळा. एक दिवस आड. हे व्यायामाच्या सुरुवातीला करा, पोटऱ्या ताज्या असताना. मग बूट घालून उरलेलं अंतर पूर्ण करा. ही मिनिटं रोजच्या धावण्यातूनच वजा करायची, वर जोडायची नाहीत. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवलीत तरी अर्ध्या तासापर्यंत पोचायला तीन-चार महिने लागतात. लागू द्या.

पाऊल कसं पडतंय ते ऐका. धप-धप आवाज येत असेल तर पाऊल शरीराच्या फार पुढे पडतंय. पावलं छोटी आणि जलद टाका, मिनिटाला 170 ते 180च्या आसपास. मला मैदानावर सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टाच हवेत ठेवून सतत चवड्यावर धावणं. चवडा टेकल्यावर टाचेनेही जमिनीला अलगद स्पर्श करायलाच हवा, नाहीतर पोटरीला विसावा मिळत नाही. चवड्याखाली फोड आले तर पाय जमिनीवर घासतोय असं समजा.

दुखणं ओळखा. पोटरी दोन दिवस भरून येणं ठीक. पण पंजाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल किंवा तिथे सूज असेल, तर त्याच दिवशी थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ताणाने पडलेली बारीक भेग सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. मधुमेहामुळे तळवे बधिर झाले असतील तर अनवाणी धावूच नका.

पातळ तळाचे बूट घ्यायचे असतील तर आधी 4 ते 6 मिलिमीटर ड्रॉपचे, मग सपाट. दुकानात जाताना कागदावर उभं राहून काढलेली पावलाची आकृती सोबत न्या आणि बुटातला सोल काढून तिच्यावर ठेवा. बोटं सोलच्या बाहेर जात असतील तर तो बूट तुमचा नाही. पातळ बुटांत तळव्याला खडा टोचत नाही, म्हणून त्यात माणूस जास्त धावतो. मिनिटांचा हिशेब तिथे अधिक काटेकोर हवा.

आणि जुने बूट टाकून देऊ नका. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. चार वर्षांनी टोकियोत तीच शर्यत त्यांनी बूट घालून जिंकली. रविवारची लांब धाव पहिले सहा महिने गादीच्या बुटांतच ठेवा, बदलायची ती सगळ्यात शेवटी.