आठ किलोची बॅग आणि हातातून गेलेलं ऊन

कन्नडकडच्या अंतूर किल्ल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा पाठीवर जवळपास आठ किलो ओझं होतं, फुलफ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरची कॅमेरा बॉडी, २४-७० अन् ७०-२०० या दोन लेन्स, अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड आणि वरून तीन लिटर पाणी. सप्टेंबरचा चिखल, म्हणून गाडी नागापूरलाच लावली अन् पायी निघालो. दोस्ताकडे नुसता मोबाईल, तो पळाला पुढं आणि त्याला बुरजावरचं कोवळं ऊन घावलं. मी धापा टाकत पोचलो तोवर पांढरंफटक आभाळ. त्याचा फोटो आजही माझ्यापेक्षा भारी आहे, काय करता.

तेव्हापासून डोंगरात फक्त जुनी सोनी ए६००० नेतो. बॅटरीसकट बॉडी ३४४ ग्रॅम, कॅमेऱ्यासोबतच मिळणारी १६-५० ची किटलेन्स ११६ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत खेळ खल्लास. किटलेन्सला लोक नावं ठेवतात पण एफ/८ ला ठेवा, म्हणजे लेन्सचं छिद्र जरा बारीक करा, लँडस्केपला पुरते. एका बॅटरीत तीनशेच्या आसपास फोटो निघतात, त्यामुळे एक्स्ट्रा दोन घ्याच. पावसासाठी झिपलॉकची पिशवी अन् सिलिका जेलच्या पुड्या.

ट्रायपॉडशिवाय कसं, हे सगळेच विचारायलेत. अहो किल्ल्यावर दगड काय कमी आहेत का! बॅग तटावर ठेवायची, तिच्यावर कॅमेरा, लेन्सखाली रुमालाची घडी आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबताना हलत नाही. पाटोद्याजवळच्या सौताड्याला धबधब्याचं पाणी असंच रेशमासारखं काढलं, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/११, शटर पाव सेकंद. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला होता, तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) म्हणून शटर इतकं सावकाश ठेवता आलं, शिवाय ओल्या खडकावरची चमक कापतो ते वेगळंच. एकच फिल्टर न्यायचा तर हाच न्या, बाकीचे मी घेऊन पस्तावलोय.

नवीन माणूस हमखास फसतो ते आपल्या काळ्या कातळात. फ्रेमभर बेसाल्ट आला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो सगळंच उजळ करतो आणि ढग जळून जातात, अन् जळालेला ढग नंतर कशानेच परत येत नाही. म्हणून एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, सावल्या घरी उचलता येतात. आभाळ अगदीच सपाट पांढरं असेल तर ते फ्रेममध्ये घेऊच नका, वेताळवाडी किल्ल्याच्या दरवाजाची कमान, शेवाळ, भिजलेलं गवत यात पोटभर फोटो आहेत.

देवगिरीच्या माथ्यावरून सगळा पसारा मावत नाही, तिथं कॅमेरा उभा धरून, लेन्स ३० एमएमला ठेवून पाच-सहा फोटो काढायचे अन् घरी जोडून एक रुंद फोटो करायचा, प्रत्येकात मागच्याचा एक तृतीयांश भाग येऊ द्या, सेटिंग मॅन्युअल आणि फोकस लॉक, नाहीतर जोडताना पट्टे दिसतात. वाइड लेन्सचे पैसे वाचले.

गौताळ्यात जाणार असाल तर गेटवर नोंद करून जा, अभयारण्य आहे, ड्रोनचा नाद सोडा. आणि मोठ्या ऊन्हात एप्रिल-मेत जाऊ नका, धुरकट हवेत लांबचा डोंगर दिसतच नाही, पाऊस उघडल्यावरचे दोन महिने खरे.

७०-२०० अजून विकली नाही, लग्नसराईत भाड्यानं जाते, तेवढाच तिचा खर्च निघायलाय.